पुढची खोली व पाच बोटे यांबाबत

मी, निवृत्ती सोनाजी उजगरे, वय ६९, धर्म बौद्ध, वीज कंपनीतून निवृत्त लाईनमन, राहणार मौजे निंबगव्हाण, ता. गेवराई, जि. बीड, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणणारे येऊन गेले, त्यांचा उल्लेख पुढे आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गावातील काही लोकांना हे मान्य नाही, कारण पत्नी वारल्यानंतरच्या जलदान विधीच्या कार्यक्रमात भाषण चालू असताना मी लाईट घालवली. म्हणून गेवराईच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार, गावाचे नाव आणि मुलांची नावे विचारली. सगळे बरोबर सांगितले. मुलाचे नाव सांगताना थोडा थांबलो, ते विसरल्यामुळे नव्हे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हा मसुदा मी माझ्या हाताने लिहिला आणि कोर्टासमोर टायपिंग करणारे माऊली यांच्याकडून टाईप करून घेतला. माऊली म्हणाले, "काका, यात इस्टेट कमी अन् हकीकत लई हाय." मी त्यांना सांगितले की आहे तसे टाईप करा. मी आयुष्यभर कमी बोललो. लिहिलेले तरी पूर्ण असावे.

१. कुटुंब

माझी पत्नी पंचशीला गेल्या ऑगस्टमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने वारली. ती गावच्या अंगणवाडीत सेविका होती. निवृत्त झाली तेव्हा तिने अंगणवाडीची सगळी भांडी नव्या सेविकेच्या ताब्यात दिली. दुसऱ्या दिवशी आमच्या फडताळात अंगणवाडीची एक पळी सापडली. ती घेऊन भर उन्हात परत गेली. नवी सेविका म्हणाली, "राहू द्या की बाई, पळीला कोण इचारतंय." पंचशीला म्हणाली, "मीच इचारतेय की." पळी देऊन घरी आली आणि मग जेवली.

आम्हाला दोन अपत्ये. मुलगी दीपमाला कडा येथे शिक्षिका आहे व तिथेच नांदते. मुलगा बाळू, कागदोपत्री बाळासाहेब, बीडला राहतो. तो आधी गेवराईकडे वाळूच्या गाड्यांवर होता, नंतर प्लॉट विकत होता. आता तो आत्मशोध शिबिरे घेतो. मांजरसुंब्याला एका ढाब्याच्या वरच्या हॉलमध्ये लोकांना खुर्च्यांवर बसवून स्वतःचा शोध कसा घ्यावा ते शिकवतो. शिबिर संपल्यावर खालच्या मजल्यावर काय चालते हे त्याच्या अंगाच्या वासावरून मला कळलेले आहे. अधिक लिहीत नाही.

२. मिळकत

माझे राहते घर, स्वकष्टार्जित. पुढची एक खोली, मागच्या दोन खोल्या, अंगण, मोरी. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता व विजेचा खांब, पश्चिमेस विमलबाईंचे घर, दक्षिणेस समाजमंदिराची मोकळी जागा, उत्तरेस गल्ली. खांब मी नोकरीला लागलो त्या वर्षी उभा केलेला आहे. तेव्हा मी खड्डा खोदणाऱ्यांत होतो. उतारा सोबत जोडला आहे. घरावर बोजा नाही.

याशिवाय पोस्टात व बँकेत जे असेल ते, माझी हत्यारे, पंचशीलाचे कपडे व तिचा एक फोटो, आणि एक वायर. वायरीबद्दल पुढे येईल.

३. पुढच्या खोलीत काय चालते

हे मृत्युपत्रात कशाला, असे माऊलींनी विचारले. खोलीत काय चालते ते सांगितल्याशिवाय खोली कुणाची ते ठरत नाही.

पंचशील आमच्या लोकांना तोंडपाठ आहे. लग्नात म्हणतात, मयतीत म्हणतात, जयंतीला माईकवर म्हणतात. पंचशीलाचे म्हणणे असे होते की जे पाठ झाले त्याच्याकडे माणूस पुन्हा बघत नाही. म्हणून लग्न झाल्यापासून तिने घरात एक पद्धत पाडली. रोज दिवेलागणीला पुढच्या खोलीत चटई टाकायची. वंदना, त्रिशरण, पंचशील म्हणायचे. मग थोडा वेळ गप्प बसून गेलेला दिवस आठवायचा. शेवटी प्रत्येकाने उजवा हात पुढे धरायचा. पाच शीले, पाच बोटे. अंगठा म्हणजे जीव मारणार नाही. त्याच्या शेजारचे बोट म्हणजे न दिलेले घेणार नाही. मधले म्हणजे वाईट नजर, वाईट चाल नाही. चौथे म्हणजे खोटे बोलणार नाही. करंगळी म्हणजे नशा नाही. जे शील त्या दिवशी पाळले गेले त्याचे बोट मिटायचे. जे मोडले त्याचे बोट वर ठेवायचे. बस, एवढेच. कोणी कुणाला काही विचारायचे नाही आणि कोणी कारण सांगायचे नाही. ती म्हणायची, "कारण सांगाया लागलं की माणूस वकील होतो." माऊलींनी हे वाक्य हसत टाईप केले.

शेजारच्या विमलबाई आपल्या घरी देवाला दिवा लावून येतात. त्यांना पालीतले शब्द येत नाहीत. त्या गप्प बसतात आणि शेवटी हात पुढे करतात. त्यांची करंगळी वर्षानुवर्षे वर होती, मिश्रीमुळे. मिश्री नशेत धरायची की नाही हे त्यांचे त्यांनीच ठरवले होते. एक दिवस करंगळी खाली आली. पंचशीलाने त्या दिवशी चहात साखर जास्त घातली. छबुबाई नावाच्या एक बाई येतात, त्यांनी एकदा विचारले, "उवा धरायच्या का बाई जीवात?" पंचशीला म्हणाली, "उवालाच इचार." छबुबाईंचा अंगठा अजून बहुतेक वर असतो.

संपूर्ण मिटलेली मूठ पंचशीलाला आवडत नसे. ती म्हणायची, पाचही मिटली असली तर चौथं आधी तपासा. कारण बाळूचे झाले ते. बाळू सात-आठ वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्याने पाचही बोटे मिटलेली मूठ धरली. पंचशीला त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाळू, मूठ उघड बरं." त्याने उघडली. तळहाताला सुकडी चिकटलेली होती. अंगणवाडीतून घेतलेली, दुसऱ्या लेकरांची. तिने त्याला मारले नाही. ती म्हणाली, "मूठ मिटली की आत काय हाय ते दुसऱ्याला दिसत न्हाई अन् काही दिवसांनी आपल्यालाबी दिसत न्हाई. म्हणून बोट वर ठेवायचं. वर ठेवलेलं बोट उद्या खाली येतं." दुसऱ्या दिवशी त्याने एक बोट वर ठेवले. तेव्हा तो बरा मुलगा होता. हे लिहून ठेवणे गरजेचे वाटले.

ती आजारी पडल्यावरही खोली बंद झाली नाही. डायलिसिसवरून आल्यावर ती भिंतीला टेकून बसायची. शेवटच्या आठवड्यात तिचा हात विमलबाई उचलून धरायच्या.

४. जलदान विधीच्या दिवशी काय झाले

विधी पुढच्या खोलीत, घरच्या माणसांत व्हावा अशी माझी इच्छा होती. बाळू म्हणाला, "आबा, मायचं नाव मोठं हाय. घरात कोंडून कावून ठेवता?" मी बोललो नाही. माझे न बोलणे हे होकार समजायची त्याला सवय आहे. समाजमंदिरापुढे मांडव पडला, खुर्च्या आल्या, माईक आला आणि रस्त्यावर फ्लेक्स लागला.

फ्लेक्सवर सगळ्यात वर विठ्ठलराव. हे आमच्या भागातील बागायतदार व पुढारी. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीचा आकडा मी नोकरीत असताना काढला होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो: मीटर न घेता वायरीचे टोक वाकवून खांबावरच्या तारेला अडकवतात आणि फुकट वीज घेतात, त्याला आकडा म्हणतात. आकडा काढल्यावर पंधरवड्यात माझी बदली कड्याला झाली. मी तिथे राहिल्यामुळे दीपमालाला चांगले स्थळ मिळाले, म्हणून त्या बदलीबद्दल माझा राग नाही.

विठ्ठलरावांच्या खाली हाताची घडी घातलेला बाळू. सगळ्यात खाली, एका गोलात, पंचशीला. ती सावळी होती. कपाळापासून मानेपर्यंत सगळीकडे एकसारखी सावळी. फ्लेक्सवर तिला पिठात बुडवून काढल्यासारखी गोरी केली होती. गालाला गुलाबी रंग होता. मी आधी ओळखले नाही. चाळीस वर्षे जिच्या शेजारी झोपलो ती बाई मला तिच्या नावावरून ओळखावी लागली. चौथे शील रोज पाळणाऱ्या बाईच्या तोंडावर तिच्या पोटच्या पोराने खोटे फासले होते, आणि येणारे-जाणारे म्हणत होते, फोटो लई छान आला.

तिच्या गोलाशेजारी एक मिटलेली मूठ छापली होती आणि लिहिले होते: "पाच बोटे, एक मूठ, हाच यशाचा मंत्र." मी बाळूला विचारले, मूठ का? बोटे उघडी का नाहीत? तो म्हणाला, "आबा, उघडा पंजा छापला असता तर लोक म्हणले असते त्या पक्षाचा कार्यक्रम हाय. विठ्ठलराव स्टेजवर चढलेच नसते." एवढ्या कारणासाठी त्याने आईची सगळी शिकवण उलटी करून टाकली. त्याला त्यात काही वावगे दिसले नाही. त्याने मला समजावून सांगितले की मूठ जास्त पॉवरफुल दिसते.

विठ्ठलराव उशिरा आले तोवर अंधार पडला. हॅलोजन लागले. बौद्धाचार्यांनी पंचशील सुरू केले, पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसे मागे म्हणू लागली. दुसरे शील चालू असताना माझी नजर सवयीने खांबाकडे गेली. तारेवर आकडा होता. माझ्या दारासमोरच्या खांबावर, मी उभ्या केलेल्या. त्याची वायर मांडवाच्या पडद्यामागून हॅलोजनपर्यंत आली होती. त्या चोरीच्या उजेडात उभे राहून सगळे जण म्हणत होते की न दिलेले घेणार नाही. विठ्ठलरावांनी डोळे मिटून हात जोडले होते. बाळूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

माणसाच्या ओठांना पाठ झालेल्या शब्दांची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती, आणि अजून गेलेली नाही. ती या पत्रात कुठे कुठे दिसेल. वाचणाऱ्याने तेवढे समजून घ्यावे.

वंदना संपेपर्यंत मी थांबलो. विठ्ठलरावांचे भाषण सुरू झाले. पंचशीलाताई म्हणजे प्रामाणिकपणाचा आदर्श, असे काही म्हणत होते. मी घरात गेलो, जुने रबरी हातमोजे घातले, कोरडा बांबू घेतला आणि आकडा खाली ओढला. हॅलोजन गेले, माईक गेला. बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या तेवढ्या जळत राहिल्या.

विठ्ठलराव अंधारातून म्हणाले, "कोण हाय बे तिकडं खांबाजवळ?"

मी म्हणालो, "लाईनमन."

काही लोक हसले. छबुबाईंचे हसू मला वेगळे ऐकू आले. बाळू माझ्याकडे धावत आला. "आबा, आजच्या दिवशी तरी. मायचा दिवस हाय." मी त्याला सांगितले, मायचा दिवस आहे म्हणूनच. तो माझ्या हातातल्या वायरीकडे बघत राहिला. त्याने ती मागितली, मी दिली नाही. पाहुणे मोबाईलच्या उजेडात जेवले. दुसऱ्या दिवशी गावात ठरले की म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

५. कागद घेऊन आले तेव्हा

त्यानंतर काही दिवसांनी दीपमालाचा फोन आला. कड्याहून माझ्याकडे येताना ती गाडी बदलायला मांजरसुंब्याला उतरली होती. म्हणाली, "आबा, हितं ढाब्यावर मोठा फ्लेक्स लावलाय. मायला अजून गोरी केलीय. खाली लिवलंय, पंचशीला माता प्रणीत." मी म्हणालो, गाडीत बस आणि ये.

ती घरी असतानाच बाळू आणि विठ्ठलराव गाडीने आले. सोबत तयार बक्षीसपत्र होते. मी हे घर एका संस्थेला द्यायचे, संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव, सचिव बाळू. पुढच्या खोलीचे आत्मशोध केंद्र होईल, दारात पंचशीलाचा पुतळा बसेल. पुतळा कशाचा, असे दीपमालाने विचारले. विठ्ठलराव म्हणाले, संगमरवरी, एकदम शुभ्र. दीपमाला माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हंजी तितंबी गोरीच."

विठ्ठलरावांनी मला जुने विसरायला सांगितले. ते म्हणाले, "निवृत्ती, अरे आकडे-बिकडे सोड आता. तुझ्या बाईचं नाव जिल्ह्यात करतोय आम्ही. तुमच्या समाजाचं केंद्र, अन् मी मराठा असून अध्यक्ष. याच्याहून मोठी समता कोणती?" मी विचारले, संध्याकाळी चटईवर कोण बसणार? ते बाळूकडे बघू लागले. बाळू म्हणाला, चटई नाही आबा, खुर्च्या, शनिवार-रविवार बॅच, रोज शक्य नाही. मी विचारले, विमलबाई आणि छबुबाईंचे काय? तो म्हणाला, त्यांना सवलत देऊ.

त्या क्षणी मला कळले की माझ्यानंतर ही खोली आपोआप राहणार नाही. कागद लिहिला नाही तर ती खुर्च्यांनी भरेल, आणि जिथे बोट वर ठेवता येत होते तिथे मुठी छापल्या जातील. म्हणून हे पत्र.

६. कोणाला काय

पुढच्या खोलीसह संपूर्ण घर माझ्या पश्चात मुलगी दीपमाला हिच्या मालकीचे होईल. ते तिने विकू नये, गहाण ठेवू नये, कोणत्याही संस्थेस, मंडळास, पक्षास देऊ नये. पुढची खोली रोज दिवेलागणीला उघडी असावी. विमलबाई व छबुबाई यांना हयात असेपर्यंत तिथे येऊन बसण्याचा हक्क राहील. खोलीची एक किल्ली विमलबाईंकडे आहे, ती त्यांच्याकडेच राहावी. गावातील इतर कोणी, कोणत्याही जातीचे, बसू इच्छित असेल तर बसावे. चप्पल आणि फोन बाहेर. पैसे घेऊ नयेत, नारळ घेऊ नये, हार घेऊ नये. कोणाचा सत्कार करू नये.

विजेचे मीटर दीपमालाने स्वतःच्या नावावर करून घ्यावे व बिल वेळेवर भरावे. अंधार चालेल, आकडा चालणार नाही.

पोस्टातील व बँकेतील रकमेतून आधी माझा अंत्यविधी करावा. तो पुढच्या खोलीत करावा. मांडव, माईक, फ्लेक्स नको. उरेल ते दीपमाला व बाळू यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. बाळूला पैसे द्यायला माझी हरकत नाही. पैशाने त्याचे आणखी काही बिघडायचे राहिलेले नाही.

माझा कमरपट्टा, पक्कड, टेस्टर, हातमोजे व शिडी ही माझ्यासोबत हेल्पर म्हणून काम केलेल्या अंगद यांना द्यावी. हातमोज्यांत पाणी भरून भोके तपासल्याशिवाय वापरू नयेत. अंगद हे तपासत नाहीत हे मला ठाऊक आहे.

पंचशीलाच्या पांढऱ्या साड्या छबुबाईंना. तिचा अंगणवाडीच्या ओळखपत्रावरचा छोटा फोटो मी गेवराईला मोठा करून आणला आहे. स्टुडिओवाल्याने विचारले, "काका, थोडा उजळ करू का?" मी नको म्हणालो. तो म्हणाला, सगळे करतात. हा फोटो पुढच्या खोलीत बसणाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर लावावा, समोर नव्हे. समोर लावला तर लोक तिच्याकडे बघत बसतील. तिला ते चालले नसते. हार घालू नये.

विधीच्या दिवशी रस्त्यावर लावलेला फ्लेक्स माझ्याकडे आहे. तो सध्या अंगणातल्या सरपणावर झाकला आहे, छापील बाजू खाली. चांगला जाड आहे, अजून दोन-तीन वर्षे टिकेल. तो विमलबाईंच्या गोठ्यासाठी द्यावा.

खांबावरून काढलेली वायर, एक टोक वाकवलेली, पिशवीत गुंडाळून फडताळात ठेवली आहे. मांडवाची वीज विठ्ठलराव यांच्या माणसांनी जोडली होती, म्हणून ती त्यांची आहे. मी ती न विचारता माझ्याकडे ठेवली, ते मला खुपते. माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत दीपमालाने ती त्यांच्या घरी नेऊन त्यांच्या हातात द्यावी. नोकराच्या हातात देऊ नये. काही बोलण्याची गरज नाही.

७. बाळूबाबत

पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की बाळूला घरात काहीही नाही. दीपमालाने ते वाचले आणि म्हणाली, "आबा, हे रागात लिवलंय. माय असती तर तिनं त्याची चटई उचलली नसती." त्यावर मी विचार केला. माझा राग गेला नाही, किळसही गेली नाही. पण खोली पंचशीलाची आहे आणि तिथे माझी किळस चालवणे बरोबर नाही. म्हणून खालीलप्रमाणे लिहितो.

बाळूने, दीपमालाच्या हयातीत, कोणत्याही एका संध्याकाळी पुढच्या खोलीत यावे. एकटे यावे. फोन बाहेर ठेवावा. चटईवर बसावे, आणि शेवटी उजवा हात पुढे धरून त्यात निदान एक बोट वर ठेवावे. कोणते, ते कोणी विचारू नये, त्याने सांगू नये, आणि गावात त्याची चर्चा होऊ नये. त्या दिवसापासून मागच्या दोन खोल्या त्याच्या होतील व दीपमालाने तसा कागद करून द्यावा. एक बोट पुरे. जास्तीची अपेक्षा नाही.

माऊली म्हणाले, असली अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. दीपमाला ती पाळेल.

या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी दीपमाला हिलाच नेमत आहे.

८. सही करण्यापूर्वीची जोड

वरील मजकूर टाईप होऊन आल्यावर मी बाळूला फोन करून कलम ७ वाचून दाखवले. लपवून ठेवलेले मृत्युपत्र मला पटेना. परवा संध्याकाळी तो आला.

गाडी त्याने रस्त्यावर उभी केली. एकटाच होता. फोन चपलेत ठेवला. विमलबाईंनी सरकून त्याला जागा दिली. छबुबाई आल्या होत्या, दीपमाला होती. त्याने वंदना म्हटली. एकही शब्द चुकला नाही. माईक नसला की त्याचा आवाज त्याच्या आईसारखा आहे. मी इतक्या वर्षांत तो तसा ऐकला नव्हता. मग आम्ही गप्प बसलो. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बसलो, कारण कोणी हात पुढे करेना.

शेवटी विमलबाईंनी हात पुढे केला. दोन बोटे वर होती. छबुबाईंचा अंगठा. दीपमालाचे एक. माझेही एक होते, कोणते ते लिहीत नाही. बाळूने हात पुढे धरला. पाचही बोटे मिटलेली होती. घट्ट. नखे तळव्यात रुतलेली दिसत होती.

तो म्हणाला, "झालं न आबा? बसलो मी. आता तेवढं खोल्यांचं नावावर करा."

मी त्याच्याकडे बघितले नाही. विमलबाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि पंचशीलासारख्याच आवाजात म्हणाल्या, "बाळू, मूठ उघड बरं."

त्याने हात काढून घेतला आणि उठला. चपलेतला फोन डाव्या हाताने उचलला, चपला पायात सरकवल्या. आम्ही सगळे दारातून बघत होतो. उजवी मूठ त्याने तशीच मिटलेली, पोटाशी धरली होती. गाडीचे दारही त्याने डाव्या हाताने उघडले.

कलम ७ मधून मी एकही शब्द काढलेला नाही. त्याची चटई त्याच्या नेहमीच्या जागी भिंतीला उभी करून ठेवली आहे. ती तिथून हलवू नये.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष, त्यांना दिसेल अशा उजेडात, मी सही करत आहे. दोघांनी माझ्या समक्ष सह्या केल्या आहेत. विमलबाईंना साक्षीदार व्हायचे होते, परंतु त्यांना या पत्राने हक्क मिळत असल्याने तसे करू नये असे माऊलींनी सांगितले. अंगद यांचेही नाव त्याच कारणाने घेतलेले नाही. विमलबाई सही होईपर्यंत दारात उभ्या होत्या, एवढी नोंद असावी.

लिहून ठेवणार
(सही) निवृत्ती सोनाजी उजगरे
डाव्या अंगठ्याचा ठसा शेजारी

साक्षीदार
१. (सही) आदिनाथ रंगनाथ शिनगारे, निवृत्त पोस्टमन, रा. निंबगव्हाण
२. (सही) भिवराबाई किसन वक्ते, अंगणवाडी सेविका, रा. निंबगव्हाण. पळी परत घेणारी मीच.

ठिकाण: मौजे निंबगव्हाण, पुढची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५